कफनीचा उजवा खांदा

देवाशपथ सांगतो, ही गोष्ट खरी आहे. मी स्वतः तिथे होतो आणि या डोळ्यांनी पाहिली आहे.

म्हणजे, अगदी मठाच्या आत नव्हतो. बाहेर ओट्यावर होतो, आणि दारात गर्दी असल्यामुळे मला माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या. पण ऐकू सगळं येत होतं. जे आलं नाही ते नंतर दारात उभ्या असलेल्या इच्छाबाईंनी सांगितलं, आणि इच्छाबाई कधी खोटं बोलत नाहीत. एवढंच, की त्यांना तेव्हा मोतीबिंदूमुळे दिसत नव्हतं.

तर...

“बुवा, कफनी हातानं न शिवता मशीनवर शिवली, तर ती माझी होईल का?”

असं शालिग्रामनं विचारलं तेव्हा भिकनबुवा भाजलेल्या शेंगा फोडत बसले होते.

“मशीन कुणाचं?”

“मठाचं. इच्छाबाईंनी दिलं ते.”

“पाय कुणाचे चालणार?”

“माझे.”

“मग शेंगा खा.”

तापीकाठी सातपिंप्रीला भिकनबुवांचा मठ आहे. तिथली रीत अशी, की ज्याला दीक्षा हवी त्यानं आपली कफनी आपणच शिवायची. एका बैठकीत शिवायची, आणि शिवून झाली की उलटीच्या उलटी घडी करून गुरूच्या मांडीवर ठेवायची. सुलटी करायची ती गुरूनं. मग गुरू तिचे खांदे दोन्ही हातांनी धरून ओढणार. शिवण टिकली तर कानात मंत्र. उसवली तर हातात नारळ आणि घरचा रस्ता. आणि एकदा नारळ घेतलेल्याला पुन्हा मागता येत नाही.

शालिग्रामला घरचा रस्ता नको होता. चोपड्याला त्याचं शिवणकामाचं दुकान होतं. बायको गेली, त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि मठात येऊन राहिला. ‘माझं सगळं सुटलंय,’ असं तो सांगायचा. न विचारणाऱ्यालाही सांगायचा.

कारागीर मात्र मोठा. त्यानं शिवलेली पँट घालून एक माणूस विहिरीत पडला होता. माणूस नखशिखांत भिजला, पण पँटची इस्त्री मोडली नाही. हे मी त्या पँटवाल्याच्या तोंडून ऐकलेलं आहे.

तेव्हा, मठात आजवर झाली नाही अशी कफनी आपली होणार, हे शालिग्रामनं मनाशी ठरवलेलंच होतं. बोलूनही दाखवलं होतं.

मशीन आलं ते सुट्या भागांत, जुन्या लुगड्यात गुंडाळून. बरोबर काठी टेकत इच्छाबाई. त्या म्हणाल्या, “सून म्हणते, जागा अडते. मी म्हटलं, देवाच्या घरी जागा असेल.”

शालिग्रामनं आधी लोखंडी स्टँड मांडला. तो डुगडुगत होता, म्हणून एका पायाखाली खापराचा तुकडा सरकवला. वर फळी बसवली. मग दोन्ही हातांनी मशीनचं काळं, जड हेड उचललं आणि फळीतल्या खाचेत अलगद उतरवलं.

भिकनबुवा शेंगा सोडून उठले. जवळ येऊन उकिडवे बसले.

“डोकं वेगळं आणि पाय वेगळे?”

“हो बुवा. पट्ट्यानं जोडायचे.”

“आणि पट्टा तुटला तर?”

“मग पाय हलतात नुसते.”

बुवांनी मान डोलावली. जणू ओळखीच्या कुणाची खुशाली कळली.

शालिग्रामनं छिद्राछिद्रात तेलाचा थेंब सोडला. चाक हातानं फिरवून फिरवून ते आत मुरवलं, बाहेर आलेलं चिंधीनं टिपलं. सुईची चपटी बाजू बघून ती वरपर्यंत खोचली, स्क्रू आवळला. दोरा रिळावरून काढला, चकत्यांमधून ओढला, वरच्या दांडीतून घेतला आणि सुईत ओवला. एका दमात. थुंकीसुद्धा लावली नाही.

बुवांचं तोंड उघडं राहिलं होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण जत्रेत आल्यासारखा बघत होता.

मग शालिग्रामनं बॉबिन भरायला घेतली. दारातली गर्दी वाढली होती. कुणीतरी म्हणालं, “चालवून दाखव ना टेलर, मुहूर्त बघतोस का?” बॉबिन फिरली न फिरली तोच त्यानं दोरा तोडला, ती खाली घरात बसवली आणि वरची पत्र्याची झाकणी सरकवून लावून टाकली.

“मी बघू का एकदा?” बुवांनी विचारलं.

गुरूला नाही कसं म्हणणार? बुवा स्टुलावर बसले, पायट्यावर पाय ठेवले आणि दाबले. चाक उलटं फिरलं. दोरा तटकन तुटला.

“बुवा, चाक आपल्याकडे आलं पाहिजे.”

“माझ्याकडे काही येत नाही रे,” बुवा म्हणाले आणि हसत उठले.

शालिग्रामनं पुन्हा दोरा ओवला. चिंधीवर चार टाके घालून पाहिले. मग भगवं कापड अंथरलं, डोळे मिटून कात्री लावली, आणि बसला.

मी ओट्यावरून ऐकत होतो. आधी टक्, टक्... मग नुसती एक सर. कोरड्या पानांवरून सरडा पळावा तशी.

बुवा खाली बसून सुईकडे बघत होते. सुई खाली जायची, दिसेनाशी व्हायची आणि वर यायची. खाली जायची आणि वर यायची.

“दर टाक्याला जाते म्हणते,” ते पुटपुटले. “आणि कुणी ओढत नाही, तरी परत येते...”

कुणी हसलं नाही. आता हे ऐकताना तुम्हाला हसू येईल, पण तिथे कुणाला आलं नाही. ज्या मशीनवर आपापल्या बायकांना झबली शिवताना लोकांनी जन्मभर पाहिलं होतं, त्याच्याकडे ते त्या दिवशी वळून नीट बघायला लागले.

डावी बाजू झाली. डावा खांदा झाला. उजवी बाजू झाली. शेवटी उजवा खांदा. शालिग्रामनं दोरा तोडला, कापड जराही न झटकता उचललं, उलट्या कफनीची अलगद घडी घातली आणि बुवांच्या मांडीवर ठेवली.

“बघा,” तो म्हणाला. “पट्टी लावून बघा. टाका सुतभर हलला असेल तर सांगा.”

हे म्हणायची रीत नव्हती. पण तो म्हणाला.

बुवांनी कफनी सुलटी केली. दोन्ही खांदे धरले. ओढले.

डावा खांदा टिकला.

उजवा उघडला. फाटला नाही, आवाजही झाला नाही. पिकलेली शेंग उघडावी तसा उघडला, आणि वरचा भगवा दोरा, लांबच्या लांब, एकसंध, सरळ, बुवांच्या मांडीवर गळून पडला.

...

दारात कुणी हललं नाही.

शालिग्रामनं तो दोरा उचलला. बोटांत धरून बघितला. मग मशीनजवळ जाऊन झाकणी सरकवली आणि आतली बॉबिन काढली. ती स्वच्छ होती. तिच्यावर एक वेढा नव्हता.

“काय झालं रे?” बुवांनी विचारलं. ओरडून नाही. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

“खालचा दोरा संपला, बुवा.”

“खाली पण दोरा असतो?”

“असतो.”

“मी सकाळपासून बघतोय. मला दिसला नाही.”

“तो दिसत नाही. वरचा खाली उतरतो, तेव्हा हा त्याला धरतो. धरला की टाका.”

“आणि संपला तर?”

“तर... काही नाही.”

“काही नाही म्हणजे?”

“सुई चालते. चाक फिरतं. आवाजही तोच येतो. वरून बघितलं तर शिवणही दिसते.”

“शिवणाऱ्याला कळत नाही?”

“ओढल्याशिवाय नाही कळत.”

बुवांनी वाकून झाकणीखालच्या रिकाम्या घरात डोकावून बघितलं. मग म्हणाले, “दुकानात तुझा कधी संपला नाही?”

“नाही.”

“का?”

“दुकानात भरलेल्या बॉबिनी डबीत तयार असायच्या. मी हात घातला की भरलेलीच यायची. मला कधी बघावं लागलं नाही.”

“कोण भरायचं?”

शालिग्राम मशीनची झाकणी नुसती पुढेमागे सरकवायला लागला. दारातल्या इच्छाबाईंनी काठी आपटली.

“बोल की रे. आता काय लाजतोस?”

“कोकिळा,” तो म्हणाला.

बायकोचं नाव मठात आल्यापासून त्यानं पहिल्यांदा घेतलं. घेतलं आणि स्टुलावर बसून राहिला, रिकामी बॉबिन मुठीत घेऊन. सगळं सुटलेल्या माणसाची मूठ एवढी घट्ट मी कधी पाहिली नव्हती.

थोड्या वेळानं तोच उठला. देव्हाऱ्यापाशी गेला, तिथला नारळ स्वतःच उचलला आणि बुवांसमोर धरला.

“द्या बुवा, तुमच्या हातानं. जातो मी.”

बुवांनी नारळाकडे बघितलंच नाही. ते अजून मशीनकडे बघत होते.

“आवाज तोच येतो म्हणालास.”

“हो.”

“चाकही फिरतं.”

“हो बुवा.”

“माणसं दारात उभी राहून बघतात, त्यांनाही शिवणच दिसते.”

शालिग्रामनं नारळ तसाच पुढे धरला होता.

भिकनबुवा उठले. शालिग्रामकडे पाठ करून उभे राहिले. त्यांची कफनी त्यांनी तरुणपणी, त्यांच्या गुरूसमोर, हातानं शिवलेली होती. उन्हानं तिचा रंग उडून ती मातीच्या रंगाची झाली होती.

“ओढ,” ते म्हणाले.

“बुवा?”

“माझी ओढ. मीही त्या दिवसापासून बघितलेलं नाही.”

इच्छाबाई म्हणतात, तेव्हा दारातल्या सगळ्यांनी आपापला श्वास धरला. दिसत नसलेल्या बाईला हे कळतं, यावर माझा विश्वास आहे.

शालिग्रामची नजर बुवांच्या पायांवर गेली. गावोगावची माणसं या पायांवर डोकं ठेवून गेलेली. हा खांदा उसवला, तर त्यांतल्या एकेकाचं काय करायचं? त्यानं नारळ खाली ठेवला. दोन बोटांनी कफनीचा खांदा जेमतेम चिमटीत धरला, आणि ओढल्यासारखं केलं.

“तसं नाही,” बुवा म्हणाले. “मी तुझी ओढली तशी.”

“बुवा, उसवली तर...”

“तर कळेल.”

“मठाचं काय होईल?”

“ते मठाला विचार. माझं ओढ.”

शालिग्रामनं दोन्ही मुठींत खांदा धरला. डोळे मिटले. ओढला.

टर्रकन आवाज झाला. ओट्यावर बसल्याजागी माझ्या अंगावर काटा आला.

कापड फाटलं होतं. जुनं, विरलेलं कापड, शिवणीच्या शेजारून वीतभर फाटलं होतं. आणि शिवण? शिवण जागच्या जागी होती. एक टाका हलला नव्हता. दोन्ही बाजूंचं कापड सोडून ती नुसती उभी होती, पाटाचं पाणी आटल्यावर बांध उभा राहावा तशी. लोकांनी कान पकडले. एक म्हातारा दारातच पालथा पडला. देव्हाऱ्यातल्या समईची ज्योत कुणी हात न लावता मोठी झाली.

बुवांनी मान वळवून आपला खांदा बघितला, मग शालिग्रामचा चेहरा बघितला, आणि म्हणाले, “आता दोघांनाही नवं कापड लागेल.”

अशी ही गोष्ट मी आजवर जिथे जिथे सांगितली, तिथे माणसं हात जोडून घरी गेली.

आता यातलं माझ्या पदरचं काय, तेही सांगून टाकतो. विहिरीत पडलेला माणूस माझा आहे. समई माझी आहे. पालथा पडलेला म्हातारा माझा आहे. तो नुसता खाली बसला होता.

आणि शिवण टिकली, तेही माझंच आहे. लोकांना घरी नेण्यासारखं काहीतरी धड लागतं, म्हणून मी ती टिकवली.

खरं म्हणजे शालिग्रामनं ओढलं तेव्हा काहीच आवाज झाला नाही. भिकनबुवांचा खांदा मानेपासून बाहीपर्यंत उघडला, आणि कुजलेल्या दोऱ्याची भुकटी जमिनीवर पडली. दारातलं कुणी पुढे आलं नाही, कुणी परतही गेलं नाही. शालिग्राम रडायला लागला. बुवांनी उघड्या खांद्यावरून हात फिरवला, कितीतरी वेळ फिरवला... मग त्याच हातानं शालिग्रामचं डोकं जवळ घेतलं, तोंड त्याच्या कानाशी नेलं, आणि मंत्र द्यायच्या जागी म्हणाले,

“बरं झालं रे. टिकली असती, तर मी एकटाच उरलो असतो.”