नारळासाठी थांबलेली भिंत

एका गावात एक शाळा होती आणि त्या शाळेच्या आवाराला भिंत नव्हती. यात नवल ते काय, असं म्हणाल. नवल असं, की ते गाव पाथरवटांचं होतं. पंचक्रोशीतली देवळं त्यांनी बांधली, घाट बांधले, सावकारांच्या वाड्यांना चिरेबंदी कोट घातले. त्यांनी घातलेल्या भिंतीच्या सांध्यात सुई शिरायची नाही. आणि त्यांच्या स्वतःच्या पोरांची शाळा मात्र चारी बाजूंनी उघडी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शाळेच्या मागे वीस पावलांवर जुनी खाण होती. आजोबा-पणजोबांनी तिथला दगड काढून काढून मोठा खड्डा केला होता, आणि त्यात तीन पुरुष खोल पाणी साठलं होतं. काठ सरळ तासलेला. आत पडलं तर हाताला धरायला काही नाही.

आता या गावाला एक रोग होता. मानाचा. होळीला पहिली पोळी कुणाची, लग्नात पहिला विडा कुणाला, पालखीचा उजवा खांदा कुणाचा, सगळ्याचा मान ठरलेला. गावात घराण्याच्या दोन शाखा, दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. थोरल्या पातीचे म्हणायचे, आमचा पूर्वज वडील. धाकट्या पातीचे म्हणायचे, पण गावातला पहिला दगड आमच्या पूर्वजाने घडवला. हा वाद शंभर वर्षं चालला होता आणि दोन्हीकडचे तो मोठ्या हौसेने पोसत होते.

एकदा श्रावण सरता सरता शेळीचं एक करडू उड्या मारत मारत त्या खाणीत पडलं. मधली सुट्टी होती. चाळीस पोरांनी काठावर उभं राहून ते बुडताना पाहिलं. पोरं रडत घरी गेली आणि त्या दिवशी गावातल्या एकाही आईच्या घशाखाली घास उतरला नाही.

येसू नावाची एक सून होती, थोरल्या पातीच्या आबांची. तिची मुलगी रंगू पहिलीत होती. सात वर्षांची, बडबडी, पाटी इतकी लख्ख ठेवायची की गुरुजी इतरांना म्हणायचे, रंगूची पाटी बघा जरा. येसू दुसऱ्या दिवशी घरोघर फिरली. म्हणाली, "बायांनो, आज करडू गेलं. उद्या आपलं लेकरू जाईल. चला चावडीवर."

सगळ्या आया चावडीवर गेल्या. चावडीवर बायका यायची रीत नव्हती. पाटील दचकलेच.

"पाटीलबाबा," येसू म्हणाली, "शाळेला भिंत पाहिजे."

"बघू की. जत्रा होऊन जाऊ दे," पाटील म्हणाले.

"जत्रा दरसाल होते. लेकरू एकदाच होतं. भिंत होईपर्यंत आम्ही पाळीपाळीने खाणीच्या काठावर बसणार. घरच्या भाकरीचं तुमचं तुम्ही बघा."

आणि खरंच बसल्या की! रोज दोघीजणी. एक थोरल्या पातीची, एक धाकट्या पातीची, म्हणजे कुणी रुसायला नको. मंगळवारची पाळी येसूची आणि गोदेची. गोदा ही धाकट्या पातीच्या तात्यांची सून. दोघी एकाच माहेरच्या, लहानपणी एकत्र सागरगोटे खेळलेल्या. पाळीला आलेल्या बायका सकाळी शाळेच्या पडवीतला रांजण भरायच्या, म्हणजे पाटी पुसायचा फडका भिजवायला पोरांनी खाणीकडे जायला नको. मग दिवसभर काठावर बसून वाती वळायच्या आणि पोरांवर नजर ठेवायच्या.

आठ दिवस गावात एकाही बाईने चूल पेटवली नाही, तेव्हा पुरुष जागे झाले. गावसभेत ठराव झाला, भिंत बांधायची. आणि काम म्हटल्यावर ते पाथरवट कसले ऐकतात! पंधरा दिवसांत दोनशे चिरे घडवून शाळेसमोर रचले. पाया खणला. बायांनी ओवाळलं त्यांना. रंगूने घरी येऊन आजोबांना विचारलं, "आबा, भिंत झाल्यावर आम्हाला मागे खेळायला मिळेल?"

"मिळेल की," आबा म्हणाले. आबांचा जीव होता नातीवर. तिला खांद्यावर घेऊनच ते गावात हिंडायचे.

पहिला चिरा बसवायचा दिवस उजाडला. आबा धोतर नेसून, हातात नारळ घेऊन आले. बघतात तर तात्यासुद्धा नारळ घेऊन उभे.

"मान थोरल्या पातीचा," आबा म्हणाले.

"दगडाचं काम असलं की मान आमचा," तात्या म्हणाले.

तिथे जे घोडं अडलं ते अडलंच. पाटील दोघांनाही भिऊन असायचे. म्हणाले, सामोपचाराने घ्या. म्हणजे काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोघे आपापला नारळ घेऊन घरी गेले.

गुरुजी म्हणाले, "एखाद्या लेकराच्या हातून फोडू या." दोघे म्हणाले, गावाच्या अब्रूचा प्रश्न पोरांच्या हातात? कुणी म्हणालं, दोन नारळ एकदम फोडा. तर म्हणे आधी कुणाचा फुटला ते कोण ठरवणार? येसू म्हणाली, "नारळच नको. दगड बसवा." यावर मात्र दोन्ही पात्यांचं एकमत झालं. बिननारळाची भिंत? छे छे, अवलक्षण!

दसरा गेला. दिवाळी गेली. भिंतीचं घोंगडं भिजत पडलं. पायाच्या चरात गवत उगवलं. चिऱ्यांच्या ढिगावर पोरं घसरगुंडी खेळायला लागली. आया मात्र बसतच होत्या. सुगीचे दिवस आले, बायका शेतावर जायला लागल्या, तरी दोघीजणी काठावर असायच्याच.

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी येसूला राहवलं नाही. भर दुपारी ती उठली आणि ढिगातला एक चिरा दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिला. एकटीला उचलेना.

"गोदे, धर गं," ती म्हणाली.

"नारळाशिवाय?" गोदा घाबरली.

"करडू पडलं तेव्हा खाणीने नारळ मागितला होता का?"

दोघींनी मिळून तो चिरा उचलला. चार वेळा टेकवत टेकवत पायाच्या चरापर्यंत नेला आणि बसवला. जरासा वाकडा बसला. पोरांनी टाळ्या पिटल्या. रंगू त्यावर उभी राहून ओरडली, "आमच्या आईने भिंत बांधली!"

तासाभरात बातमी गावभर झाली. आबा तडक आले. चार माणसं लावून त्यांनी तो चिरा उपटून परत ढिगात टाकला. घरी येऊन सुनेला म्हणाले, "धाकट्यांच्या सुनेला बरोबर घेऊन पहिला चिरा बसवलास? माझी मान खाली घालायला लावलीस. यापुढे तिच्याबरोबर तिथे बसायचं नाही."

"मामंजी, पाळी आहे माझी."

"पाळी गेली खड्ड्यात. एवढीच काळजी असेल तर बसू दे त्यांची सून."

तिकडे गोदेच्या घरीही हाच तमाशा झाला. तात्या म्हणाले, "थोरल्यांच्या सुनेला हातभार लावलास, म्हणजे मान त्यांचा ठरला. पुन्हा त्या काठावर दिसलीस तर याद राख. बसू दे त्यांची सून."

पुढचा मंगळवार आला. येसू सकाळी घागर घेऊन दारापर्यंत गेली. आबा ओसरीवर बसले होते. त्यांनी घागरीकडे बघितलं. येसूने मनाशी म्हटलं, आजच्या दिवस जाऊ दे, गोदा असेलच तिथे. तिने घागर खाली ठेवली. रंगूची वेणी घातली, तिच्या हातात पाटी दिली आणि तिला शाळेत पाठवलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाला गोदाही घागर घेऊन उभी राहिली होती. तीही मनाशी म्हणाली, येसू असेलच. ती काय ऐकणारी आहे थोडीच!

तर त्या दिवशी काठावर कुणीच नव्हतं. रांजणही कुणी भरला नाही.

दुपारी गुरुजींनी मोठ्या मुलांना पाढे घोकायला लावले आणि लहानांना सांगितलं, पाट्या पुसून घ्या, नवीन गणितं घालतो. रंगू फडका भिजवायला पडवीत आली. रांजणात वाकून पाहिलं, तळाला ओलसुद्धा नव्हती. इतर पोरांनी पाट्या थुंकी लावून पुसल्या. रंगूला ते चालायचं नाही. तिला पाटी लख्ख लागायची. ती मागच्या बाजूने खाणीकडे गेली.

आत तीस पोरं मोठ्याने बे एके बे म्हणत होती. बाहेरचं काही ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने गुरुजींनी पाट्या तपासायला घेतल्या. एक कमी आली. म्हातारा माणूस, धोतर सावरत धावत मागे गेला. काठावर पाटी ठेवलेली होती, नीट, उलटी होऊ नये अशी. तिच्यावर सकाळची गणितं तशीच होती.

गुरुजींची हाक डोंगरावर गेली. तिथे नव्या खाणीत छिन्न्या-हातोड्यांचा आवाज चालला होता. तो एकेक करत थांबला. सगळे पुरुष धावत खाली आले. पाण्यात उडी घेतली ती तात्यांच्या मुलाने, गोदेच्या नवऱ्याने. तीनदा बुडी मारली. तिसऱ्यांदा तो रंगूला घेऊन वर आला. फडका तिच्या मुठीतच होता.

बाळांनो, पुढचं मला सांगवत नाही. आबांनी नातीला उचललं. जिला खांद्यावर घेऊन हिंडायचे, तिला त्यांनी दोन्ही हातांवर घेतलं आणि ते घरी गेले. वाटेत कुणी पुढे चाललं नाही, कुणी मागे राहिलं नाही. त्या दिवशी कुणाला मान आठवला नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव शाळेसमोर जमलं. न बोलावता. पुरुषांनी हत्यारं आणली होती. "बैल गेला आणि झोपा केला," एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

आबा आले. त्यांच्या हातात पहिल्या चिऱ्यासाठी आणलेला तोच नारळ होता. पलीकडून तात्या आले, त्यांच्याही हातात त्यांचा. आबांनी आपला नारळ तात्यांपुढे धरला. "तात्या, मान तुमचा. तुम्ही फोडा."

तात्यांना रडू फुटलं. "नको आबा. तुमचा मान. तुमचाच होता."

चार महिन्यांपूर्वी यातला एक शब्द कुणी बोललं असतं तर! आता दोघे एकमेकांच्या हातात नारळ कोंबत होते आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं. त्या कोंबाकोंबीत आबांचा नारळ हलला. आत खोबऱ्याचा गोटा खुळखुळला. पाणी कधीच आटून गेलं होतं.

तेवढ्यात येसू पुढे आली. 

"या भिंतीचा मान आता माझा," ती म्हणाली. "कुणाच्या पातीला तो हवा असेल, तर बोला."



ती ढिगापाशी गेली. तो चिरा तिने बरोबर ओळखला, त्याच्या एका कोपऱ्याला त्या दिवशीची माती होती. तिने तो दोन्ही हातांनी धरला. एकटीने उचलला नाही. सासरे पुढे झाले, नवरा पुढे झाला. तिने मान हलवली.

"गोदे," ती म्हणाली, "धर."

गोदा गर्दीच्या मागे तोंड लपवून उभी होती. ती आली आणि हुंदके देत येसूच्या पायांशी वाकली. "मला वाटलं गं, तू असशील."

"मलाही वाटलं, तू असशील," येसू म्हणाली. "उठ. धर आता."

दोघींनी तो चिरा नेऊन पायाच्या चरात ठेवला. त्या वेळीही तो जरा वाकडाच बसला. पण इतक्या नामांकित पाथरवटांच्या गावात तो सरळ करायला कुणी हात लावला नाही. त्याच्यावर भिंत चढली, आणि तीन दिवसांत पुरी झाली. तीन दिवस! एवढंच काम होतं ते.

पुढे त्या गावात रीत पडली. शाळा सुरू व्हायच्या दिवशी सगळ्या आया भिंतीला फेरी घालतात, एकेक चिरा हाताने दाबून बघतात आणि पडवीतला रांजण भरतात. नारळ फोडत नाहीत. येसू म्हातारी होईपर्यंत त्या फेरीला येत राहिली. वाकड्या चिऱ्यापाशी आली की थांबायची, आणि गोदा तिच्याशेजारी थांबायची.

तात्पर्य: लेकरांच्या रक्षणाचं काम कुणी आधी करायचं हे ठरवत बसू नये, आणि दुसरं कुणीतरी काठावर असेल असं धरून आपली घागर खाली ठेवू नये.