"मग काय झालं?" म्हणणारं गाव

नदी कधी पिवळी असते का? आणि तांबडी? एका गावात होती. सकाळी हळदीसारखी पिवळी, दुपारी कुंकवासारखी तांबडी आणि दिवे लागायच्या वेळी मोरपिसासारखी निळी. कारण त्या नदीच्या काठी सोनकी नावाची एक इवलीशी मुलगी आणि तिची आई राहायच्या. आई गावाचे कपडे रंगवायची आणि सोनकी ते नदीत खळबळून काढायची.

घरात रंगांचे माठ भरलेले, पण पिठाचा डबा मात्र नेहमी रिकामा. एक भाकरी दोघींत, तीही कधी कधी नुसत्या मिठाबरोबर. सोनकीला त्याचं फार काही वाटायचं नाही. तिला वाटायचं ते हातांचं. तिचे चिमुकले हात कोपरापर्यंत निळे होते. राखेने घासले, ताकाने घासले, चिंचेने घासले, निळे ते निळेच.

"ए, हिच्याशी फुगडी नको गं!" हलवायाची रेवती ओरडायची. "आपणपण निळ्या होऊ! निळी मांजर, निळी मांजर!"

सगळ्या मुली खिदळायच्या. सोनकी हात परकरात लपवून घरी यायची.

एकदा बाजाराच्या दिवशी मात्र नवल घडलं. काचेच्या बांगड्या बघता बघता रेवतीने सोनकीला शेजारी बसू दिलं. हिरव्या बांगड्या, सोनेरी ठिपक्यांच्या बांगड्या, उन्हात नुसत्या लुकलुकत होत्या. सोनकीचे हात परकराच्या घोळात होते आणि मन आभाळात.

तेवढ्यात गर्दीतून आई आली. केस विस्कटलेले, डोक्यावर भलंमोठं ओलं गाठोडं, हात निळेशार.

"सोने! अगं सोने, जरा हात लाव गं!"

"कोण गं ही?" रेवतीने नाक मुरडून विचारलं.

सोनकीने हात परकरात आणखी खोल लपवले. "मला नाही माहीत," ती म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

आईने पुन्हा एकदा हाक मारली. मग हाक आली नाही.

त्या रात्री आईने काही विचारलं नाही. उलट भाकरीचा मोठा तुकडा सोनकीच्या पुढे सरकवला. सोनकी तो हातात धरून बसली. आई रागावली असती तर बरं झालं असतं!

सकाळी उरलेल्या रंगांची बुडकुली आणि तुरटीच्या पाण्याचा गडू घेऊन ती पलीकडच्या बनात गेली. तिथे झुडपांच्या पानांवर रंगवलेल्या चिंध्या वाळवत तिला एकटीला बसता यायचं. पण आज एका पानावर आधीच कुणीतरी बसलं होतं. कण्हेरीच्या फुलाएवढी, नाजूक नाजूक परी! तिचे पंख मात्र फिके, जुन्या फडक्यासारखे.

"उन्हाने माझे रंग उडाले," परी हळूच म्हणाली. "आता फुलं मला ओळखत नाहीत."

आपलं दुःख विसरून सोनकी गुडघ्यांवर बसली. "थांब हं, परीताई. आधी तुरटीच्या पाण्यात बुडवायचे. नाहीतर रंग पहिल्या दवातच धुऊन जाईल. आई एकही कपडा तुरटीशिवाय देत नाही."

तिने पंख अलगद भिजवले, वाळवले, मग एकेक रंग चढवला. जांभळा, केशरी, कडांना बारीकसा हिरवा. पंख असे झगमगले की बनातली फुलपाखरं बघायला गोळा झाली.

"माग," परी म्हणाली. "पण दोन नियम आहेत हं. मागशील ते सगळ्या गावाला मिळेल, तुला मिळणार नाही. आणि ते परत फिरवायचं झालं, तर गावातल्या कुणीतरी स्वतःहून म्हणायला हवं, 'माझं मला परत हवं.' स्वतःसाठी. दुसऱ्यासाठी मागितलेलं चालणार नाही."

सोनकीच्या डोळ्यांपुढे बाजार आला, गाठोडं आलं, ती दुसरी हाक आली.

"आमच्या गावात कुणालाच कधी लाज वाटू नये," ती म्हणाली. "म्हणजे कुठलीच मुलगी तसं करणार नाही."

"नीट विचार केलास ना, राणी?"

"हो," सोनकी म्हणाली. केला नव्हता. अशा वेळी कोण करतं? परी समोर बसलेली असताना आपल्यालाही कुठे सुचलं असतं!

दुसऱ्या दिवशी गाव कसं चकाकत होतं! टकलावरचा फेटा कधीच न काढणारे नाना शिंपी उघड्या डोक्याने ओट्यावर बसले होते आणि त्यांच्या टकलावर ऊन नाचत होतं. आवाज घोगरा म्हणून गप्प राहणाऱ्या शेवंताकाकू नदीवर मोकळ्या गळ्याने गात होत्या. आणि रेवती? ती धावत आली नि तिने सोनकीचे निळे हात धरले!

"चल, फुगडी!"

"पण माझे हात..."

"निळे आहेत. मग काय झालं?"

मग काय झालं! जो तो हसत हेच म्हणत होता. सोनकी गरगर फिरली आणि तिला वाटलं, जगातलं सगळ्यात छान गाव आपलं.

थोडे दिवस गेले.

"नाना, या सदऱ्याला एकच बाही आहे हो!" एक गिऱ्हाईक कळवळून म्हणालं.

"मग काय झालं?" नाना म्हणाले आणि सुपारी कातरत बसले.

फुगडी खेळता खेळता रेवतीने मधेच हात सोडले. छोटी चिंगी धाडकन पडली, गुडघ्यातून रक्त आलं. "मग काय झालं?" म्हणत रेवती निघूनसुद्धा गेली. पेरू विकणाऱ्या भिकूमावशीच्या टोपलीतले पिवळेधमक पेरू लोक तिच्या डोळ्यांदेखत उचलून नेऊ लागले. मावशी रडली, पण कुणाची मान खाली गेली नाही.

कान तापले ते फक्त सोनकीचे. नियमच होता तसा! नानांसाठी तापले, रेवतीसाठी तापले, सगळ्या गावासाठी तापले.

आणि मग भिकूमावशी एक टोपडं नाचवत आली. "अगं, हे नातीचं टोपडं! पहिल्याच घामाला पोर पिवळी पिवळी झाली. मला वाटलं कावीळ! तुरटी नाही का घातलीस?"

"नाही घातली. कंटाळा आला," आई म्हणाली. "मग काय झालं?"

आई? एक डाग राहिला तरी अख्खं लुगडं पुन्हा बुडवणारी आई? सोनकीला वाटलं, नदीत उतरावं आणि वर येऊच नये.

मावशी टोपडं तिथेच टाकून गेल्यावर सोनकी आईजवळ जाऊन उभी राहिली. इतके दिवस पोटात दडवलेलं एका दमात बोलली. "आई, त्या दिवशी बाजारात मी तुला ओळख दाखवली नाही. मुद्दाम."

आईने जांभई दिली. "बरं. मग काय झालं?"

सोनकी तिच्याकडे बघतच राहिली. मार बसेल, अबोला धरेल, असं तिला वाटलं होतं. पण हे? आता चुकलं म्हणायचं तरी कुणाला?

ती निघाली आणि दारोदार विचारत फिरली, "तुमची लाज तुम्हाला परत हवी का?"

"परत हवी? हवीच!" भिकूमावशी म्हणाली. "त्या रेवतीला दे आधी, चांगली ओंजळभर!"

"मावशी, स्वतःसाठी मागायची असते."

"मला कशाला? मी काय केलंय?" मावशी म्हणाली आणि किडके पेरू टोपलीच्या तळाशी सारू लागली.

"गिऱ्हाइकांना दे," नाना म्हणाले. "फार कटकट करतात."

"चिंगीला दे," रेवती म्हणाली. "केवढं रडते! तिलाच लाज वाटायला हवी."

ज्याला त्याला ती शेजाऱ्यासाठी हवी होती. स्वतःसाठी एकालाही नको होती.

सोनकी नदीकाठी येऊन बसली. चेहरा लालेलाल, कानांच्या पाळ्या निखाऱ्यासारख्या. आईने तिच्या कपाळाला हात लावला.

"ताप आला की काय गं?"

"ताप नाही. सगळ्यांची लाज मला एकटीला वाटतेय."

"कशी असते ती?"

"गरम असते. पोटात धोंडा ठेवल्यासारखं होतं. कुणाच्या डोळ्यांत बघवत नाही."

"अगं मग एवढं वाईट असतं, तर लोकांनी घ्यावी कशाला?"

सोनकीने खूप विचार केला. "मला नाही सांगता येत गं, आई," ती म्हणाली आणि रडू लागली.

आई तिच्याजवळ टेकली. तिला लाज कळत नव्हती, पण लेक कळत होती.

"हे बघ सोने, मला त्यातलं काही समजत नाही," ती म्हणाली. "पण माझ्या वाटणीचं ओझं तू का वाहायचं? आण इकडे. माझी मला परत हवी."

तोच पाण्यावर प्रकाशाचे ठिपके थरथरले आणि त्यांच्यातून परी वर आली. तिने आईच्या कानाला बोट लावलं. कान गुलाबी झाला, मग गाल. आईने दोरीवरच्या फिकट कपड्यांकडे पाहिलं. "अगं बाई! हे मी केलं?"

आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "सोने, बाजारात मी तुला दोनदा हाक मारली होती."

"हो."

"तू ऐकलीस."

"हो, आई."

"मला फार लागलं गं ते."

सोनकीची मान खाली गेली. "चुकलं माझं."

आईने लगेच कुशीत घेतलं नाही. आयांनाही थोडा वेळ लागतो, बाळांनो. मग तिने पदराने सोनकीचं नाक पुसलं आणि तिला जवळ ओढलं. "दोनदा सांगायला आलीस मला. पहिल्यांदा माझ्या कानांनी ऐकलंच नाही. आता ऐकलं."

गावभर कान गुलाबी होत होते. नाना गिऱ्हाइकाच्या पायरीवर बसून बाही जोडत होते. रेवती हळदीची वाटी घेऊन चिंगीच्या दारात घुटमळत होती. शेवंताकाकूंचं गाणं मधेच थांबलं, तेव्हा मात्र सोनकी पळत गेली. "काकू, गा ना. मला आवडतं." काकू लाजल्या, इकडेतिकडे बघितलं आणि गायल्या. बारीक आवाजात, पण गायल्या.

परीने पंखाचं टोक एका रिकाम्या माठात बुडवलं. माठ काठोकाठ भरला. लाजलेल्या कानासारखा कोवळा गुलाबी रंग, कुठल्याच फुलात नसलेला! "हा कधी आटणार नाही," ती म्हणाली, "आणि तुमच्या घरचं पीठही." मग ती उजेड झाली. ओल्या कपड्यांतून, पानांतून, पाण्यावरून तो उजेड झुळझुळत गेला आणि दिसेनासा झाला.

सोनकी डोळे चोळत होती. आईने ते टोपडं तुरटीच्या पाण्यातून काढून गुलाबी रंगात बुडवलं, पिळलं, झटकलं.

"चल, भिकूमावशीकडे जायचंय. बोलायचं ते मीच बोलेन," आई म्हणाली. तिचे कान पुन्हा लाल झाले होते. "तू नुसती शेजारी उभी राहा."

मावशीच्या दारात पेरूंचे पैसे द्यायला आलेल्या माणसांची गर्दी होती. रेवतीही होती. सोनकी आईच्या शेजारी उभी राहिली, अगदी चिकटून.