गळ्यापर्यंत भरलेला तांब्या

"म्हणजे बुवा, ह्या विश्रामराव खटावकरानं आता पेन्शनरांचं साधं खातं काढायचं?"

विश्रामरावांनी स्वतःच्याच छातीवर बोट ठेवून विचारलं. नागेशबुवा मठीमागच्या झऱ्याकाठी चांदीचा तांब्या घासत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आत्ताचं खातं कसलं आहे?"

आता हे विचारायला नको होतं. विश्रामराव सूतगिरणीचे मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, आणि खातं सोनेरी कार्डाचं. ते बँकेत पाऊल टाकत तेव्हा एसी आपण होऊन दोन अंश खाली उतरे. हे ते अशा थाटात सांगत, की ऐकणाऱ्याला शाल शोधावीशी वाटे.

"वेगळा सोफा आहे माझ्यासाठी. कॉफी येते. बिस्किटांसकट!"

"अट?"

"किरकोळ. दोन लाख कायम शिल्लक हवेत. कमी झाले की दंड."

"आणि वहिनींचे गुडघे?"

विश्रामरावांनी शर्टाची कॉलर नीट केली.

ऑपरेशनला पैसे हवे होते, आणि घरात होते ते नेमके तेच दोन लाख. सुमतीबाई म्हणाल्या होत्या, "पगार होता तोवर शोभलं. आता तुम्ही सोफ्यावर बसा, मी जिन्याखाली बसते."

"साधं खातं म्हणजे खिडकीपुढे रांग, बुवा! आणि रांगेत कोण? बाबू चौगुले. माझा शिपाई! वीस वर्षं माझी बॅग उचलली त्यानं."

"टेकडी चढून दमलात. पाणी घ्या."

बुवांनी तांब्या गळ्यापर्यंत भरून पुढे केला.

"एवढंच, की पाणी ह्या गळ्याच्या खाली उतरता कामा नये. उतरलं, तर दंड म्हणून एक पळी मी ओतून टाकणार."

विश्रामरावांनी ऐटीत मान मागे टाकून तांब्या वर धरला. दोन थेंब जिभेवर पडले न पडले, तोच बुवांची पळी आत शिरली. पाणी झऱ्यात.

"अहो, अशानं तर आणखी कमी झालं!"

"झालं खरं. मग आणखी एक पळी."

"आणि मी प्यायचं काय?"

"तांब्या चांदीचा आहे, साहेब."

ऊन डोक्यावर. घशाला कोरड. हातात पाणी...

बऱ्याच वेळानं विश्रामरावांनी तांब्या खाली ठेवला. झऱ्यापुढे वाकले, ओंजळ लावली आणि प्यायले, अगदी ढेकर येईपर्यंत. शर्टाची कडक इस्त्री पार भिजली.

उठले, तसा ताठाही उठला.

"पाण्याचं ठीक आहे, बुवा. पण रांगेत बाबू माझ्या पुढे उभा असेल!"

बुवांनी तांब्या पुन्हा घासायला घेतला.

"मग त्याच्या मागे उभे राहा. तो पहिल्यापासून ओंजळीनंच पितो; त्याला झऱ्याची वाट पाठ आहे."