वरचं काम

डोंगरउताराच्या जंगलात, एका जुन्या उंबराच्या ढोलीत, एक खार राहत असे. तिला तीन पिले होती आणि तिन्ही एकजात उपद्व्यापी. दाणे गोळा करायला बाहेर पडावे, तर मागे पिलांना सांभाळणार कोण? खारीने अर्धे जंगल पालथे घातले. घुशीला दिवसा झोप आवरत नव्हती आणि सरड्याला पाहून पिलेच किंचाळली. शेवटी एक साळुंकी भेटली. तिच्या गोष्टी ऐकता ऐकता पिले गुडूप झोपली, तेव्हा खारीला हायसे वाटले.

"मावशी, तुम्ही फक्त पिलं सांभाळा," खार गोड आवाजात म्हणाली, "आणि जमलं तर थोडं वरचं काम."

"त्यात काय एवढं, ताई! करीन की," साळुंकी म्हणाली.

आता तुम्हीच सांगा बालमित्रांनो, वरचे काम म्हणजे काय? खारीच्या मनात होते ढोलीतली टरफले झाडणे, कापसाचे अंथरूण झटकणे, ओले दाणे उन्हात घालणे; म्हणजे पिलांखेरीजचे किरकोळ काम. पण साळुंकी पडली पाखरू. तिच्या लेखी वर म्हणजे वर! पिलांचा डोळा लागला की ती उंबराच्या शेंड्यावर जाई, वाळक्या काड्या मोडून टाकी, पानांमधली कोळ्यांची जाळी काढी आणि दमून खाली येई.

संध्याकाळी टरफलांचा ढीग पाहून खारीचे तोंड उतरे. 'दिवसभर ही करते तरी काय?' पण बोलले तर मावशी सोडून जाईल, या भीतीने ती गप्प बसे आणि आदळआपट करत स्वतःच झाडू लागे. साळुंकीही मनात धुमसत असे. 'एवढी राबते, पण ही बाई मान वर करून बघेल तर शपथ!' कामाला नवी, म्हणून तीही बोलत नसे. खरे सांगायचे तर दोघी अगदी भल्या होत्या, आणि मला दोघींचाही राग येतो.

एके दुपारी धाकट्या पिलाला जाग आली. मावशी दिसेना, म्हणून ते तिला शोधत वर वर चढत गेले आणि शेंड्याच्या बारीक डहाळीला लोंबकळू लागले. साळुंकीने झेप घेऊन त्याची शेपटी चोचीत पकडली आणि त्याला कसेबसे जाड फांदीवर ओढले. नेमकी त्याच वेळी खार परतली. वर पाहताच तिच्या तोंडातला दाणा गळून पडला. धावत वर येऊन तिने पिलाला पोटाशी धरले.

"मावशी, शेंड्यावर काय काम होतं तुमचं?" ती रडत ओरडली. "उद्यापासून येऊ नका!"

"काय काम म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, वरचं काम करा म्हणून!" साळुंकीही पंख फडफडवत म्हणाली. "पिलाला एकटं सोडलं, ती माझी चूक. पण इतके दिवस झाड साफ करतेय ते कोणाचं?"

खारीने भोवती पाहिले. एक जाळे नाही, एक वाळकी काडी नाही. "अगं बाई! वरचं म्हणजे तुम्ही हे वरचं समजलात?" ती म्हणाली आणि रडता रडता हसू लागली. मग साळुंकीलाही हसू आवरेना. पिलू आळीपाळीने दोघींकडे बघत राहिले.

दोघी तिथेच फांदीवर बसल्या. "टरफलं मी काढीन, पण अंथरूण तुम्ही झटका. माझ्या चोचीत कापूस अडकतो," साळुंकी म्हणाली.

"चालेल. पण पिलं झोपली तरी ढोलीचं दार सोडायचं नाही."

"मग मी दुपारी जेवायला कधी जाऊ?"

हे खारीच्या कधी डोक्यातच आले नव्हते. ती ओशाळली आणि तेवढ्या वेळापुरते स्वतः घरी यायचे तिने कबूल केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना खार सवयीने म्हणाली, "मावशी, बाकीचं तेवढं जरा बघाल ना?"

साळुंकीने दारातच पंख पसरून तिला अडवले. "बाकीचं म्हणजे काय काय, ताई? सांगा आणि मग जा."

खार हसली, खाली बसली आणि एकेक काम सांगू लागली.

तात्पर्य : काम देणाऱ्याने ते स्पष्ट सांगावे आणि घेणाऱ्याने शंका पहिल्याच दिवशी विचारावी; भिडेपोटी दोघेही गप्प राहिले, तर हाल होतात ते घरातल्या लहानग्यांचे.