हे डोळे कुठून आणलेस?

"आणि हे डोळे कुठून आणलेस?"

नूरशा बाबांनी विचारलं तेव्हा इम्तियाज हसत होता. दर्ग्याच्या ओट्यावर त्यानं दाराएवढं पोस्टर पसरलं होतं.

फकिरी घेण्याआधी बाबांचा फोटो स्टुडिओ होता. इम्तियाज त्यांच्याच हाताखाली शिकला. आता शहरात तो कॉम्प्युटरवर जुने फोटो सुधारून द्यायचा.

शेजारी कमल उभी होती. तिचे म्हातारे वडील, तात्या, परवा बाजारात हरवले. त्यांना स्वतःचं नावही आठवत नसे. तिच्याकडे त्यांचा एकच फोटो होता, नात्यातल्या एका लग्नातला, या फोनवरून त्या फोनवर फिरत आलेला.

"डोळ्यांच्या जागी नुसते ठिपके होते, बाबा. बाकी प्रोग्रॅमनं भरलं. पापणीचा केस न् केस दिसतोय बघा!"

बाबा कमलकडे वळले. "पोरी, हे कोण?"

कमलनं पोस्टरवर वाकून पाहिलं.

"चांगले दिसतायत... पण हे आमचे तात्या नव्हेत."

इम्तियाजचा चेहरा पडला. "अहो ताई, दर वेळी पाठवताना फोन फोटोला दाबतो. बारीकसारीक सगळं टाकून देतो. गेलेलं मी कुठून आणू?"

"तेच विचारतोय," बाबा म्हणाले.

...

इम्तियाजनं पोस्टर गुंडाळलं.

"ताई, फोटो काढला कुणी?"

"भाच्यानं."

"त्याच्या फोनमध्ये असेल अजून. त्याला सांगा, फोटो म्हणून नको, फाइल म्हणून पाठव, म्हणजे दाबला जायचा नाही."

फाइल आली. गालावरच्या सुरकुत्या आल्या, भुवईवरचा व्रण आला. पण चेहरा लहानच होता, आणि मांडवाच्या लाल कापडानं सगळ्यांना लाली चढलेली.

इम्तियाज फोटो मोठा करू लागला. बाबांनी तळहात पुढे केला.

"एवढाच."

"लांबून दिसायचा नाही, बाबा."

"हातात घेतील."

मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे काय?"

"धोतर."

"कुठल्या रंगाचं?"

"गुलाबी..." इम्तियाज थबकला. "नाही. पांढरं!"

धोतर पांढरं दिसेपर्यंत त्यानं फोटोतली लाली उतरवली. त्याबरोबर सगळा फोटो पालटला. चेहरा गव्हाळ झाला. तांबडा वाटणारा पटका पिकल्या आंब्यासारखा पिवळा झाला.

"तात्या!" कमल ओरडलीच. "हेच माझे तात्या! परवा हाच पटका बांधून निघाले होते!"

खाली कमलचा नंबर घातलेले तळहाताएवढे कागद बाजारात, स्टँडवर, आजूबाजूच्या गावांत वाटले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कमलचा फोन वाजला. पलीकडे एक रसवंतीवाली होती.

"पिवळ्या पटक्याचे आजोबा ना? भुवईवर व्रण? अहो, माझ्यासमोर बसून रस पितायत!"

दुपारी तात्यांना घेऊन टेम्पो दर्ग्याच्या आवारात शिरला, तशी माणसं ओरडत धावली. कुणीतरी नगाराच बडवायला घेतला. कमल अनवाणी पळत सुटली.

तात्यांनी तिच्या तोंडावरून हात फिरवला.

"कमळे... जेवलीस का गं?"

इम्तियाज रडत होता, हसत होता. त्यानं घाईघाईनं पिशवीतून मोठा कॅमेरा काढला.

"बाबा, हा फोटो असा काढतो, एक ठिपका सुटायचा नाही!"

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. त्यांचं एकमेकांना बघून होऊ दे."