बरणीतलं हसू

फार पूर्वी, जादूच्या गोष्टी लोक खऱ्या मानत त्या काळी, एका गावात एक कासार राहत होता. बांगड्या भरणं हा त्याचा धंदा आणि जादूगारांची सात खंडांची पोथी हे त्याचं वेड. रोज संध्याकाळी चावडीवर पाटावर बसून तो ती गावाला वाचून दाखवी. गावाची रीत अशी, की वाचणाऱ्यानं शेवटी गोष्टीचा अर्थ सांगायचा, मगच फुटाणे वाटायचे. अर्थ सांगता आला नाही, तर पाट दुसऱ्याला. कासारानं अकरा वर्षं पाट सोडला नव्हता, आणि त्या पाटावर त्याचा भारी जीव होता.

एकदा एका फेरीवाल्यानं त्याला एक चिमुकली पोथी आणून दिली. मोठ्या पोथीतले जादूगार लहानपणी ज्या परीकथा ऐकत, त्यांतल्या पाच म्हणे तिच्यात होत्या. आता कासाराला कुठला धीर! एका बाईच्या हातात बांगडी अर्धी चढवून तो तिथंच वाचत बसला. बाई ओरडली तेव्हा कुठे भानावर आला.

पहिलीच गोष्ट एका चेटकिणीची. तिनं आपलं हसू बरणीत भरून जपून ठेवलं आणि बरणी कुठे ठेवली तेच विसरली. मग ती घरभर शोधते, मांजराला दटावते, उलटी लटकून छपराला विचारते. कासार पोट धरधरून हसला. पण हसू ओसरलं आणि तो गोंधळला. ह्याचा अर्थ काय सांगायचा? मोठ्या पोथीत ही बरणी कुठे येते का म्हणून त्यानं सातही खंड चाळले. कुठेच नव्हती. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "अहो, आवडली ना? मग झालं तर." ते ऐकून तो आणखीच बुचकळ्यात पडला. शेवटी त्यानं एक अर्थ जुळवला, की बरणी म्हणजे देह आणि हसू म्हणजे आत्मा. अर्थ भारदस्त होता, पण त्याचा त्यालाच पटेना.

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यानं गोष्ट वाचली. गाव खदखदून हसलं. मग सगळे अर्थासाठी त्याच्याकडे पाहू लागले. जुळवलेला अर्थ जिभेवर आला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मंडळी," तो म्हणाला, "अर्थ मला कळला नाही. नऊ वेळा वाचली आणि नऊही वेळा हसलो, एवढंच खरं." आणि तो पाटावरून उतरला.

पाटील चक्रावले. पाट असा आपणहून कुणी सोडला नव्हता. कुणाला अर्थ सांगता येईल का, असं त्यांनी विचारलं. मग मागे बसलेली कुंभारीण उठली. वर्षापूर्वी तिची लहानगी लेक वारली होती, आणि तेव्हापासून ती चावडीवर एक शब्द बोलली नव्हती.

"बरणी कुठं हाय ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "लेकराची कापडं ठेवलेल्या पेटीत. तिथं हात घालायचा धीर हुईना, म्हणून ती चेटकीण इसरले म्हणतीय."

फुटाण्यांचं भान कुणाला राहिलं नाही. पाटलांनी कुंभारणीला पाटावर बोलावलं, पण तिला वाचता येत नव्हतं. तेव्हा ते कासाराला म्हणाले, "वाच तूच. अर्थ ज्याला कळेल तो सांगेल."

कासार पुन्हा पाटावर बसला. पण आपण नऊ वेळा हसलो ते नेमकं कशाला, हे काही त्याला उमगेना.

तात्पर्य: आवडलेल्या गोष्टीचा अर्थ कळला नाही, तर तसं सांगून मोकळं व्हावं; तो अर्थ ठाऊक असलेलं माणूस कदाचित आपल्याच शेजारी गप्प बसलेलं असतं.