जाड बुडाचा ग्लास

"मग गिऱ्हाईक काहीच म्हणत नाही?" महाराजांनी विचारलं.

धुमाळ हसला. "काय म्हणणार महाराज? गिऱ्हाईक काय मोजून बघतं?"

सोमगिरी महाराजांनी पायावरची घोंगडी तेवढी सारखी केली.

हा विश्वजित धुमाळ म्हणजे बाणेरला ज्याचा पब आहे तो. आमचा मठ भोरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. गाडी खाली ठेवून शेवटची चढण पायी यावी लागते. ती चढून आल्यावर त्याने आधी रस्त्याबद्दलच तक्रार केली, जणू रस्ता मीच केला होता. मी मठात स्वयंपाक करतो. चूल महाराजांच्या बैठकीला लागूनच आहे, त्यामुळे आल्यागेल्याचं सगळं माझ्या कानावर पडतं.

त्याचं म्हणणं असं की परवान्याची फी वाढली, कर वाढला, जागेचं भाडं वाढलं. त्यात समोर दुसरा पब आला आणि त्याने दाराशीच फळा लावला, बिअरच्या पाइंटचा, म्हणजे मोठ्या ग्लासाचा, दर मोठ्या अक्षरात लिहून. आपण दर वाढवला की गिऱ्हाईक रस्ता ओलांडणार. म्हणून याने दर तोच ठेवला आणि ग्लास बदलले. उंची तीच, घेर तोच, नाव पाइंटच. बूड तेवढं जाड करून घेतलं.

वर दोन बोटं फेस ठेवायचा, असं भरणाऱ्यांना शिकवलं. कुणी कुरकुर केलीच तर म्हणायचं, जरा थांबा साहेब, फेस बसू द्या. आणि पुढ्यात दाण्यांची बशी सरकवायची. फेस बसेपर्यंत माणूस दाणे खात बसतो आणि काय विचारलं होतं ते विसरून जातो.

हे सांगताना तो कुठे अडखळला नाही. वर्गात पहिला आलेला मुलगा घरी येऊन सांगतो तसं सांगत होता.

"लोकांना दर दिसतो महाराज. माप नाही दिसत."

मला राग आला. तो खोटं बोलत नव्हता, म्हणून जास्तच आला.

"सगळं बरं चाललंय तर," महाराज म्हणाले. "मग इकडे कशाला आलास?"

आता मात्र त्याची मान खाली गेली...

त्याची एकुलती एक मुलगी ऋजुता. तिची आजी, म्हणजे धुमाळची आई, या मठाची जुनी शिष्या. नातीला कडेवर घेऊन ती हा डोंगर चढायची. आजी गेली, तरी पोरगी वर्षातून एकदा येते, माझ्या हातची खिचडी खाते आणि मीठ कमी आहे म्हणून तोंडावर सांगते.

पब उघडला त्या दिवशीचा पहिला ग्लास धुमाळने घरी काचेच्या कपाटात ठेवला होता. एका रविवारी ऋजुताने तो काढला. पबातला नवा ग्लास शेजारी ठेवला, पाण्याने काठोकाठ भरला आणि जुन्यात ओतला. जुना ग्लास भरला नाही. बराच रिकामा राहिला. तो तसाच जेवणाच्या टेबलावर बापाच्या ताटापाशी ठेवून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने बॅग भरली. आता मैत्रिणीकडे राहते. बापाचा फोन घेत नाही. आईकडून निरोप तेवढा आला. बाबांनी आजीचा मंत्र महाराजांकडून घ्यावा. महाराजांनी दिला, तर मी घरी येईन.

"घर खायला उठतं महाराज," धुमाळ म्हणाला. "जेवायला बसलो की तिची खुर्ची दिसते. मला मंत्र द्या. बाकी काही नको."

महाराज जरा पुढे झुकले.

"ग्लास बदलशील?"

...

धुमाळने पिशवी जवळ ओढली.

"बदलीन ना," तो म्हणाला. "पण एकदम नाही जमणार. समोरच्याने आधी बदलले तर मी उद्या बदलतो." मग घाईघाईने त्याने मठाच्या छपराकडे पाहिलं. पत्रे फार गंजलेत, सगळे नवे घालून देतो म्हणाला, चांगले जाड.

माझी मान आपोआप वर गेली. गेले कित्येक पावसाळे मी चुलीवर छत्री धरून भाकऱ्या भाजतोय. पण महाराजांनी ऐकलंच नाही. त्यांना ऐकू कमी येतं हे खरं, आणि नको ते अजिबात येत नाही हेही खरं.

"दक्षिणा आणलीस?"

इथे दक्षिणा म्हणजे एक नारळ. लखपती असो की गुराखी, नारळ एकच. धुमाळने पिशवीतून काढून पुढे ठेवला. चांगला मोठा होता.

महाराजांनी तो उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. "पाणी भरपूर दिसतंय."

"निवडून आणलाय महाराज. दुकानदार कोणताही गळ्यात मारतो. चार हलवून बाजूला ठेवले, तेव्हा हा सापडला."

"हलवून घेतलास ते बरं केलंस," महाराज म्हणाले आणि नारळ मांडीशी ठेवला. "ये, जवळ ये."

धुमाळ पुढे सरकला. त्याने डोळे मिटले, हात जोडले. मला नवल वाटलं, थोडं वाईटही वाटलं. याच जागेवर महाराजांनी किती भल्या माणसांना परत पाठवलेलं मी पाहिलंय, आणि हा नारळ ठेवून मोकळा झाला.

आमच्या मठाचा मंत्र तीन नावांचा आहे. तो कानात सांगायचा असतो, पण महाराजांना स्वतःचाच आवाज नीट ऐकू येत नाही, म्हणून कानातलंही ते मोठ्यानेच सांगतात. मठातल्या मांजरालासुद्धा तो मंत्र पाठ असेल. मात्र पाठ असणं वेगळं आणि त्यांच्या तोंडून मिळणं वेगळं, हे इथे येणारा प्रत्येकजण जाणतो.

महाराज त्याच्या कानाशी वाकले. पहिलं नाव घेतलं. दुसरं घेतलं.

तिसऱ्याच्या जागी त्यांनी त्याच्या कानात एक हलकी फुंकर मारली. नुसती हवा. आणि मागे टेकून बसले.

धुमाळ तसाच वाकलेला राहिला...

थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले. आधी महाराजांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भाताकडे पाहू लागलो.

"महाराज... तिसरं नाव राहिलं."

महाराजांनी चुलीशेजारच्या दाण्यांकडे हात केला. मी दाण्यांची बशी आणून धुमाळच्या पुढ्यात ठेवली.

त्याने बशीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. नारळाकडे हात गेला, तो अर्ध्यातून परत आला. पबवाला म्हणून मला तो मुळीच आवडला नव्हता. पण आता तिथे नुसता एक बाप बसला होता, आणि मला त्याची कीव आली.

"तिसरं नाव मला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "आई रोज घ्यायची. पण तुम्ही ते दिलं नाहीत."

त्याने बशी जराशी बाजूला सरकवली.

"ऋजू दारातच विचारेल. पूर्ण मिळाला का म्हणून विचारेल. तिला काय सांगू?"

महाराजांनी बशीतला एक दाणा उचलला, सोलला, तोंडात टाकला. सावकाश चावला.

"सांग, पूर्ण मिळाला," ते म्हणाले. "ती काय मोजून बघणार आहे?"